मिटलेले डोळे

"चिमणे, एवढा एक फोटो काढू दे गं बाबाला," असं पुटपुटत केरबा फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. अंगणात त्याची इवलीशी लेक जाईच्या फुलांखाली निजली होती आणि तिला न्यायला आलेली माणसं खोळंबली होती. लेकीचं शेवटचं रूप त्याला होतं तसंच हवं होतं.

फोटो वायरीवाचून थेट घरातल्या कॉम्प्युटरवर गेला. हल्लीचे सगळेच कॉम्प्युटर करतात तसं त्यानं मिटलेले डोळे म्हणजे चूक समजून सुधारून टाकले.

"अहो, थांबवा त्यांना! पोरीनं डोळे उघडलेत!" केरबाची बायको किंचाळत उंबऱ्यावर आली. तिनं लेकीचे मिटलेलेच डोळे पाहिले आणि ती परत आत कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी गेली.

"अजून एक काढा ना," ती आतून म्हणाली.

केरबानं बटण दाबलं.

"बघा, हसली."