उलटे जोडे

“आजही जोडे उलटेच घातलेस, वेड्या!” ओक्बुन म्हणाली. “हजार वर्षं तळ्यात सरपटलो, माणसाचे पाय फुटून महिनाच झालाय,” म्हणत त्याने रबरी जोडे काठावर काढले. आज त्याचा आभाळात चढायचा दिवस होता. त्याच्यासारख्या इमुगीला, म्हणजे ड्रॅगन व्हायची वाट पाहणाऱ्या महासर्पाला, चढताना पाहणाऱ्याने ‘ड्रॅगन’ म्हटलं तर तो ड्रॅगन होतो, ‘साप’ म्हटलं तर पुन्हा हजार वर्षं पाण्यात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो तळ्यात उतरला आणि पाणी दुभंगलं. चकाकतं लांबलचक अंग धुक्यातून वर आलं आणि तिच्यासमोर थबकलं. डोळे मात्र त्याचेच. ‘साप’ अगदी ओठांवर आला. तेवढ्या एका शब्दाने तो तिच्या जन्मभर इथेच राहिला असता. “ड्रॅगन!” ती ओरडली. क्षणात तो ढगांत मिसळला. जोडे उराशी धरून ती कोरड्या वाटेने निघाली, तर शेजारी धुळीत थेंबांची पावलं उमटत होती: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.