काजळाचा पुठ्ठा

"अशी उजेडात ये, पोरी," मंजुळाबाई द्वारकाला म्हणाल्या.

धामणगाव बढ्याच्या त्या घरात आज उजेड कुणालाच नको होता. पाहुण्यांना आतलं फार दिसू नये म्हणून द्वारकाच्या बापानं, पुंजाजींनी, खिडकीचं एक दार मुद्दाम लोटून घेतलं होतं. शेगावाकडचे हिंमतराव आणि त्यांचा मुलगा शालिग्राम बैठकीत पोहे खात होते. हिंमतरावांच्या पत्नी मंजुळाबाई मुलगी पारखत होत्या. "पोरीच्या मायले ताप हाय, आत निजली हाय," असं पुंजाजींनी आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. अन्नपूर्णाबाईंना ताप नव्हता. त्यांना दिसत नव्हतं. मागचे पाहुणे ते कळल्यावर, डोळ्यांचं दुखणं रक्तात उतरतं म्हणून, चहा न पिताच उठले होते. याही खेपेला तसंच झालं तर द्वारकाच्या दारात पुन्हा कोण येणार होतं?

मंजुळाबाईंचा द्वारकाला पहिल्यापासूनच राग आला होता. बाई मुलाच्या खांद्यावर हात टेकून मोठ्या तोऱ्यात आत आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि तो त्या सारख्या चाचपत होत्या, जणू या घरात चोरच राहत होते. पोह्यांची बशी डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी निरखून पाहिली. कपाळावरचं त्यांचं स्वतःचं कुंकू मात्र डाव्या भुवईकडे सरकलेलं. लोकांच्या मुली बघायला निघण्याआधी बाईंनी आरसा बघितला असता तर बरं झालं असतं, असं द्वारकाच्या मनात येऊन गेलं. ही बाई खोट काढायलाच आली आहे, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

ती दारापाशी जाऊन उभी राहिली. मंजुळाबाईंनी तिची हनुवटी धरली आणि तोंड पार तोंडाजवळ आणलं. त्यांनी एक डोळा पाहिला, मग दुसरा. पुन्हा पहिला पाहिला.

"काजळाच्या शेपट्या दोन्हीकडं सारख्याच निघाल्या. नुसत्या हातानं नाही निघत अशा. कोणं काढल्या?"

"मीच."

"खोटं काऊन बोलून राह्यली?"

द्वारकाच्या घरात मुलगी दाखवायच्या दिवशी काजळ आईच्याच हातचं घालायचा रिवाज होता, आणि आंधळी झाली तरी अन्नपूर्णाबाई तो मान सोडायला तयार नव्हत्या. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्या साली त्यांनी शेगावला तंबूतला सिनेमा पाहिला होता. त्यातल्या नटीच्या डोळ्यांच्या कडेला काजळाची वर उचललेली शेपटी होती. पुढे नजर गेली, पण ती शेपटी त्यांच्या ध्यानात राहिली. बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यांनी अंदाजानंच तिरपी फट कापून घेतली. पुठ्ठा डोळ्याच्या कडेला टेकवायचा, फटीतून काजळाची काडी फिरवायची आणि अलगद उचलायचा. दुसऱ्या डोळ्याला तोच उलटा करून लावायचा.

"कायनं काढलं ते आण," मंजुळाबाई म्हणाल्या.

द्वारकानं बापाकडे पाहिलं. पुंजाजी पोह्यांचं पातेलं हातात धरून तसेच उभे होते. नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं कोनाड्यातून पुठ्ठा काढून आणला.

मंजुळाबाईंनी तो डोळ्यांसमोर धरलाच नाही. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्याशी अंगठा थांबला. तिथं छोटीशी खाच होती.

"अन् ही खाच कायची?"

वरची बाजू कोणती हे बोटांना कळावं म्हणून आईनं ती पाडली होती.

"डोळस माणसाले खाच लागत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुही माय कोठी हाय?"

"तिले ताप..."

"पाह्यतो तिचा ताप."

पुंजाजी पुढे झाले, तोवर बाई भिंतीला हात लावत आत निघाल्याही होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला त्यांचा पाय अडखळला. रागाच्या भरात माणसाला उंबराही दिसत नाही, असं द्वारकाला वाटलं आणि ती त्यांच्यामागे धावली.

किल्ल्यांच्या आवाजानं अन्नपूर्णाबाई चुलीपासून उठल्या. "कोण हाय?" त्यांनी भलतीकडेच तोंड करून विचारलं. झालं, आता लपवायला काही राहिलं नाही.

"माहे डोळे नीट हायत!" द्वारका ओरडली. "मायच्या दुखण्यापायी मले टाकू नोका. दोरा ओवून दाखवतो, तांदूळ निवडून दाखवतो!"

बोलली आणि तिला आपलीच लाज वाटली. आईचा चेहरा उतरला होता. आई बिचारी पदरानं काजळाची बोटं पुसत राहिली.

मंजुळाबाईंनी दार लोटून घेतलं. दोन पावलं पुढे येऊन त्यांनी हात लांबवला. तो आधी रिकाम्या हवेत फिरला, मग अन्नपूर्णाबाईंच्या दंडाला लागला. दंडावरून मनगटाशी येत त्यांनी पुठ्ठा त्या हातात ठेवला आणि मूठ मिटली.

"इहीनबाई," त्या कुजबुजल्या, "असाच कुंकवाचा एक कापून द्या मले. पण आमच्या घरी कोणाले सांगू नोका, ह्या किल्ल्या काढून घेतील माह्याकडून."