निळ्या रेषेबाहेरची गल्ली

गच्चीवर गाद्या. एकाच गच्चीवर नाही, ओळीने सगळ्याच गच्च्यांवर.

दाराशी टेकवलेली शिडी, रंगाचा डबा उघडा, रंगारी चहाला गेलेला.

कोपऱ्यावरच्या घरावर पाटी: विकणे आहे.

भिजून फुगलेला कागद वाळला की लाकडासारखा वाजतो.

नकाशात नदीच्या दोन्ही काठांना पूरपट्ट्याचा निळा रंग. त्याची कड या गल्लीच्या बोटभर अलीकडे थांबलेली.

विमा कंपनीच्या तपासनीस बाईंनी त्या नकाशाची घडी घातली आणि समोरच्या बाइंडरकडे पाहिलं.

"गल्ली निळ्याच्या बाहेर आहे. मग पुराचा विमा कशाला काढलात?"

"कागदाचा धंदा आहे, मॅडम. पाण्याची भीती वाटते."

"याच वर्षी वाटायला लागली?"

"भीती जुनीच आहे. पैसे यंदा जमले."

नदी फुगली होती, हे खरं. खालच्या वस्तीत घरंही भिजली होती. पण ती सगळी निळ्यातली. निळ्याबाहेरून आलेला दावा हा एकच.

बाई पुस्तकबांधणीच्या त्या खोलीत फिरल्या. कटिंग मशीनच्या पात्यावर गंज चढला होता. जमिनीवर कोऱ्या कागदाचे गठ्ठे फुगून वाकडे झाले होते. भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ. मागच्या अंगणात रबरी नळीचं वेटोळं पडलं होतं, तोंडातून पाणी ठिबकत होतं.

"ही नळी?"

"चिखल धुतला."

"की पाणी भरलं?"

बाइंडर हसला. "या नळाखाली बादली भरायला ठेवली तर माणूस म्हातारा होतो. घर कधी भरणार?"

बाई हसल्या नाहीत. फ्रीज जिन्यावरून स्वतः ढकलून चोर आले म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला होता. तोही असाच गमत्या होता.

त्या शेजारी गेल्या. निवृत्त मास्तर पायरीवर बसले होते. त्यांच्या मागची भिंत पांढरीशुभ्र, रेघ सोडाच, डागही नाही.

"पाणी? इथे?" मास्तर म्हणाले. "थेंब नाही."

समोरून केमिस्टची बायको चहा घेऊन आली. तिघांनी तो पायरीवरच घेतला.

"गाद्या का वाळत घातल्यात सगळ्यांनी?"

"ढेकूण," ती म्हणाली. "एकाकडे झाले की गल्लीभर पाहुणचार घेत फिरतात."

आतून कोणीतरी दार ओढत होतं. ते चौकटीत अडकून बसलं होतं.

"जुनं लाकूड," मास्तर म्हणाले. "माझ्यासारखंच. हट्टी."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "माणूस वाईट नाही हो. धंदा बसलाय, दुसरं काय. पण त्याचा दावा मंजूर झाला की नव्या नकाशात अख्खी गल्ली निळी होणार. मग घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. आणि विम्याचे हप्ते भरता भरता आमचं कंबरडं मोडणार. एकाच्या लबाडीपायी."

"मी कोणाला नावं ठेवत नाही," केमिस्टची बायको म्हणाली. "पण आमच्या दुकानात एक गोळी भिजलेली नाही." हे ती कपात बघून म्हणाली.

बाई परत बाइंडरकडे आल्या. मागोमाग ती दोघंही आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

"पाणी काय फक्त तुमचाच पत्ता विचारत आलं?"

बाइंडरने उंबऱ्याकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते.

"ते म्हणतायत तर तसंच असेल," तो म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. खोलीभर लांबीचा माळा होता. भक्कम, लाकडी, वर जायला रुंद जिना. आणि रिकामा.

"हा कशासाठी?"

"कोऱ्या कागदासाठी."

"म्हणजे कागद वर असतो."

"वरच असतो."

"मग खाली कसा आला? पाणी आलं तर माणूस खालचं वर नेतो. तुम्ही वरचं खाली आणलंत."

"वर जागा नव्हती."

"एवढा माळा रिकामा आहे."

"त्या पहाटे नव्हता."

"काय होतं वर?"

बाइंडरने एका गठ्ठ्याच्या फुगलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "जाऊ द्या, मॅडम."

"जाऊ दिलं तर दावाही जाईल."

"कळतंय मला. नवं मशीन घ्यायची ऐपत नाही. हे दुकान बंद होईल."

हे तो नेमकं कोणाला सांगत होता, ते बाईंच्या लक्षात आलं नाही. तो जरा थांबला. आणखी कोणीतरी बोलणार असल्यासारखा. केमिस्टच्या बायकोने रिकामे कप एकात एक घातले. मास्तरांचा चष्मा अजून पुसून होत नव्हता.

बाईंनी पेन काढलं. माल स्वतःच माळ्यावरून उतरवून भिजवला. शेजाऱ्यांच्या घरात पाणी नाही. दावा नामंजूर.

"सही कुठे करू?" बाइंडरने विचारलं.

त्यांनी जागा दाखवली. त्याने सही केली आणि त्यांचं पेन टोपण लावून परत दिलं. गाडीत बसताना बाईंना मागून मास्तरांचा आवाज ऐकू आला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे."

"नाही मास्तर. जपून जा, पायरी ओली आहे."

पूर आला त्या कोसळत्या पावसाच्या पहाटे बाइंडरने माळ्यावरचे सगळे गठ्ठे पाण्यात ढकलले, कारण मास्तर, केमिस्टची बायको, तिची म्हातारी आई आणि गल्लीतली बाकीची माणसं वर बसायला जागा मागत जिन्यात उभी होती.