रथदचा दगड

दगडातला रथद जिवंत रथदकडे डोळे वटारून बघत होता. नाक मात्र त्याचं नव्हतं. दगडातलं नाक सरळ होतं. खऱ्याचं उंटाच्या लाथेनं केव्हाच वाकडं झालं होतं. चेहऱ्याखाली नाव कोरलेलं होतं. तेवढी अक्षरं रथदला ओळखता येत, कारण त्याच्या ऊदाच्या गोण्यांवर तीच असत. खालच्या सहा ओळी त्याला वाचता येत नव्हत्या, पण त्यात वाचायचं काय? स्मशानातल्या सगळ्या दगडांवर एकच मजकूर असतो. हा अमक्याचा दगड, आणि जो कोणी तो हलवेल किंवा फोडेल त्याचं अथ्तर देव वाटोळं करो.

चार वर्षांपूर्वी तो ऊद घेऊन गाझाच्या वाटेला लागला होता. वाटेत तांडा लुटला गेला आणि लुटारूंनी त्याला मिठाच्या खाणीत राबायला विकलं. तिथे तो तगला तो एकाच आशेवर. घरी, मारिबला, बायको शफनत वाट बघत असेल. आणि इथे, अलमकह देवाच्या देवळाच्या भिंतीला लागून असलेल्या स्मशानात, त्याचा दगड उभा होता. रथदला रडूच फुटलं. स्वतःच्या थडग्यापुढे रडणारा तो मारिबमधला पहिलाच माणूस असावा.

तो गल्लीत शिरला आणि एकच पळापळ झाली. धाकटा भाऊ लहय गच्चीवर खजूर वाळत घालत होता. त्याच्या हातून टोपलीच सुटली. एका शेजारणीनं धीर करून रथदला चिमटा काढला, मग दुसरीनं काढला. अर्ध्या गल्लीचे चिमटे खाल्ल्यावर तो जिवंत ठरला. तेवढ्यात शेतातून शफनत धावत आली आणि विळा टाकून त्याच्या गळ्यात पडली. ती हसते आहे की रडते आहे तेच कळेना. रथदनं तिचे हात सोडवले.

"दगड कोणी उभा केला?"

"मीच केला," ती म्हणाली. "भाऊजी मागे लागले होते."

लहयनं मान खाली घातली. वर्षभर काही खबर आली नाही तेव्हा त्यानंच हा विषय काढला होता. दगड उभा राहिल्यावर खजुराचे तीन हंगाम विधवेला कोणी मागणी घालायची नाही, त्यानंतर दिरानं तिच्याशी लग्न करायचं, ही त्यांच्या कुळाची रीत. तिसऱ्या हंगामाचा खजूर गच्चीवर वाळत होता. लहयनं लग्नासाठी नवी शालही विणून घेतली होती. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या नवरदेवानं आता बघायचं तरी कोणाकडे?

रथदला लहयचा राग आला नाही. बायकोचा आला. एका वर्षात तिनं आपल्यावर दगड ठेवला, मग आपण जगलो कशाला, असं त्याला वाटलं. पुढच्या तांड्याबरोबर निघून जातो, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

वडीलधारे जमले. त्यांची अडचण निराळीच होती. दगड उभा आहे तोवर कुळाच्या लेखी रथद मेलेला. दगड काढावा, तर शाप कोणी अंगावर घ्यायचा? रथदनं नवं नाव घ्यावं, असं एकानं सुचवलं. दुसरा म्हणाला, त्यानंच स्वतःचा दगड फोडावा. मेलेल्या माणसाचं अथ्तर आणखी काय वाईट करणार? रथदला हे एकदम पटलं. त्यानं घण उचलला आणि स्मशानाची वाट धरली. मागून सगळी गल्ली निघाली.

त्यानं घण उगारला. शफनत आडवी आली.

"आधी वाचून घ्या. मग खुशाल फोडा."

कुळात वाचता कोणालाच येत नव्हतं. ज्यानं दगड कोरला त्या म्हाताऱ्या अम्मकरीबला बोलावणं गेलं. तो आला, घसा खाकरला, इकडेतिकडे बघत बसला. शफनतनं मान हलवली तेव्हा कुठे त्यानं ओळींवर बोट ठेवलं. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, नांगराचा बैल वळावा तसं बोट वळत गेलं.

"रथद," त्यानं वाचलं. "त्याची बायको शफनत हिनं अलमकहाला नवस बोलला आहे. देवानं त्याला सुखरूप घरी आणावं, ती देवाला काशाची मूर्ती वाहील. आणि रथदला जो कोणी मेला म्हणेल, त्याचं अथ्तर वाटोळं करो."

लहयच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षांत आपण किती वेळा ते म्हटलं, याचा तो बोटांवर हिशेब करू लागला आणि बोटं पुरेनात. अम्मकरीब गालातल्या गालात हसत होता. रथदनं घण हळूच खाली ठेवला. त्याला बायकोकडे बघायची लाज वाटली आणि तिच्यावरून नजर हटवताही येईना.

"अगं, पण नवसच होता तर देवळात बोलायचा," तो कसाबसा म्हणाला. "स्मशानात कशाला?"

शफनतनं डोळे पुसले आणि ती खुदकन हसली.

"एकटीचं देवानं ऐकलं नसतं तर? इथे महिन्याच्या महिन्याला सगळं कूळ येऊन तुमच्यासाठी धूप जाळत होतं. भाऊजी तर सगळ्यात पुढे."