घरचाच अंदाज

“महेश्वरी हरणार. दुसऱ्या फेरीत,” गुरुशांत मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला आणि आत भाकरी थापणाऱ्या चंद्रिकेचा हात परातीतच थांबला.

तो पुढे बोलतच राहिला. “डावा गुडघा. तीन आठवड्यांपूर्वी सरावात मुरगळलाय. सांगलीच्या वैष्णवीनं तो पाय धरला, की लढत संपली. पोरगी माझी हाय म्हणून खोटं सांगणार न्हाय.”

चंद्रिका पिठाच्या हातांनीच बाहेर आली. “अवो, काय बोलताय हे? पोटची पोर हाय ती!”

“लोकं माझ्याकडं अंदाज ऐकायला येतात.”

“मग हिच्या वेळेला तरी गप बसायचं की!”

तोवर व्हिडिओ त्याच्या यूट्यूब चॅनलवर गेला होता.

गुरुशांत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तरुणपणी मंद्रूपच्या जत्रेत त्यानं कुस्त्या मारल्या होत्या. आता त्याला नाद होता पिंजऱ्यातल्या लढतींचा, मिश्र मार्शल आर्ट्सचा. लढत ठरली की तो दोघांचे जुने व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचा आणि कोण जिंकेल, कितव्या फेरीत, कशानं, ते सांगून मोकळा व्हायचा. गेल्या वर्षी चौतीसपैकी एकतीस अंदाज बरोबर आले होते. पुण्याचे, सांगलीचे प्रशिक्षकसुद्धा त्याचे अंदाज ऐकत. ओळखीपाळखीचा कुणी लढत असला तरी त्याची जीभ कधी अडखळली नव्हती.

पण ही स्वतःची मुलगी होती.

रविवारची लढत जिंकणारी पोरगी राज्याच्या संघातून दिल्लीला जाणार होती. मागच्या वर्षी खांदा निखळल्यामुळे महेश्वरीची संधी हुकली होती. या वर्षी नाही जमलं तर खेळ सोडून लग्नाला उभी राहीन, असा शब्द तिनं मैंदर्गीच्या बसूमामाला दिला होता. स्थळही बघून ठेवलेलं होतं.

सरावाहून आल्यावर तिनं व्हिडिओ पाहिला. पूर्ण पाहिला. मग मोबाइल आईच्या हातात देऊन ती न जेवता आत गेली. त्यानंतर चार दिवस बापलेकीचं एक वाक्यही चंद्रिकेच्या कानावर आलं नाही. ताट वाढलं की एक जण उठायचा, मग दुसरी बसायची.

रोज संध्याकाळी चंद्रिका लेकीचा डावा गुडघा तेलानं चोळायची आणि वर पट्टी बांधायची.

“हितं दुखतंय?”

“हं.”

“लई?”

“राहू दे अव्वा. होतंय बरं.”

चोळताना चंद्रिकेचं मन कुठल्या कुठे जायचं. ती शेजारच्या निंगव्वाला म्हणाली, “ह्यांचं तोंड कधी चुकत न्हाय गं. तेचीच भीती वाटतीय.” निंगव्वानं सिद्धेश्वराच्या देवळातला अंगारा आणून दिला.

शनिवारी वजनं झाली. डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली महेश्वरी काट्यावर चढली, तेव्हा वैष्णवीच्या प्रशिक्षकाची नजर त्या पट्टीवरून हलत नव्हती. नंतर तो मुद्दाम गुरुशांतजवळ आला.

“मी तर म्हटलं, आपल्या मुलीबद्दल कुणी असं सांगेल? पण तुमच्यासारखा सरळ माणूस मी पाहिला नाही.”

“दिसतं ते बोलायचं,” गुरुशांत म्हणाला.

चंद्रिकेनं मान फिरवली. या माणसाबरोबर आपण पंचवीस वर्षं काढली, असं तिला वाटलं, आणि तोंड कडू झालं.

रविवारी चार वाजता हॉल खचाखच भरला होता. चंद्रिका नवऱ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. पदराच्या टोकाला अंगारा बांधलेला होता, तो तिनं मुठीत धरला.

पहिल्या फेरीत वैष्णवीनं दुसरं काहीच केलं नाही. लाथा, फक्त लाथा, आणि सगळ्या डाव्या गुडघ्यावर. प्रत्येक फटक्याला चंद्रिका डोळे मिटायची. महेश्वरी नडगी उचलून फटका झेलायची आणि एक पाऊल मागं सरायची. फेरी संपली तेव्हा लोक गुरुशांतकडे वळून बघत होते. त्याच्या कपाळावर घाम होता. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून तो खाली बघत होता.

“बघवत न्हाय व्हय आता?” चंद्रिका दात आवळून म्हणाली.

त्यानं बाहीनं घाम पुसला.

दुसरी फेरी सुरू झाली. अर्ध्या मिनिटात वैष्णवी खाली वाकली आणि सरळ डाव्या पायावर झेपावली. चंद्रिकेनं तोंडावर पदर घेतला. हॉलमध्ये आरडाओरडा झाला. तिनं पदर काढला तेव्हा पाय वैष्णवीच्या हातात होता, पण तिची मान महेश्वरीच्या काखेत आवळली गेली होती. दोघी खाली कोसळल्या. महेश्वरीनं पकड सोडली नाही. वैष्णवीनं हार मानत हात चटईवर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा.

पंचानं महेश्वरीचा हात वर केला.

चंद्रिका रडत होती, हसत होती, काही तिलाच कळत नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, “काय गुरुशांतअण्णा, घरचाच अंदाज चुकला की!” सगळे हसले. आणखी एकजण म्हणाला, “बंद करा ते चॅनल.” गुरुशांत मान खाली घालून उठला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

“लोकांत तोंड दाखवायला जागा राहिली न्हाय ह्यांना,” चंद्रिका पुटपुटली. तिला वाईट वाटलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

पाण्याची बाटली घेऊन ती मुलीला शोधत मागच्या खोलीशी आली. दार अर्धवट उघडं होतं.

महेश्वरी बाकावर बसली होती. गुरुशांत तिच्यासमोर फरशीवर बसून दोन्ही हातांनी तिच्या टम्म सुजलेल्या उजव्या गुडघ्यावर बर्फ धरत होता.

“एकदासुद्धा ह्या पायाकडं बघितलं न्हाय की तिनं, अप्पा,” महेश्वरी म्हणाली.