दाकची डबी

"डबी माझ्याच मांडीवर राहील," गाडीत बसता बसता न्हुंग म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"मी कुठं मागितली, वन्सं?" सेन म्हणाली आणि खिडकीकडे सरकली.

पितळेच्या त्या डबीत सेनचा नवरा होता. म्हणजे दहनानंतर दाकच्या कपाळाची काढलेली, घासून गोल केलेली नऊ हाडं. चाम लोकांत पुरुष लग्न करून बायकोच्या घरी नांदायला येतो, पण मेला की आईच्या कुळात परत जातो. दहनापासून डबी नणंदेकडेच होती आणि उद्या ती तिच्या कुळाच्या समाधीच्या दगडांखाली पुरायची होती. सेनचे दगड तिच्या आईच्या गावात. जन्मभर एका चटईवर निजलेली माणसं, आणि मेल्यावर मध्ये मैलभर भातशेती.

"जिवंत होता तोवर तुझा," न्हुंगने चितेपाशीच सुनावलं होतं. "आता आमचा." बाई पहिल्यापासून फटकळ. लग्नात सेनच्या हातचा भात खाऊन तिने खारट म्हटलं होतं, ते सेन अजून विसरली नव्हती.

दाक गाइड होता. सगळ्या जगाला त्याने चाम राजांची ही जुनी देवळं दाखवली, फक्त बायकोला नाही. "एकदा तिकीट काढून तुला पाहुणीसारखी फिरवीन," असं दरवर्षी म्हणायचा. म्हणून सेनने नणंदेकडे ही अर्ध्या दिवसाची सहल मागितली होती. त्याला बरोबर घेऊन. न्हुंग चक्क हो म्हणाली.

सहल खरी होती, तशी सेनच्या कमरेची गाठही खरी होती. गाठीत शंखाचा एक गोल तुकडा होता. महिनाभर पाट्यावर घासून तिने तो हाडासारखा केला होता, फक्त एका कडेची गुलाबी छटा काही केल्या जाईना. तो डबीत टाकायचा आणि एक हाड उचलायचं. सेन स्वतः गेली की ते तिच्या डबीत ठेवायचं, एवढं तिने लेकीला सांगून ठेवलं होतं. नऊतलं एक. तेवढाच दाक तिला हवा होता.

होआ लाईच्या देवळांपाशी गाडी थांबली. दोन बुरूज उभे, मधला ढासळलेला. गाइड तिन हा दाकचाच चेला. सायगावहून आलेल्या जोडप्याला तो सांगत होता, "विटांच्या मध्ये चुना दिसत नाही. मग हजार वर्षं कशाने धरल्यात? आमचे दाककाका म्हणायचे, हट्टाने."

जोडपं हसलं. सेनला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. शब्द दाकचे, थांबायची जागाही दाकची.

"हा मधला का पडला?" सायगावच्या बाईने विचारलं.

"शेजारी दोघं असून त्याला कोणी धरलं नाही," न्हुंग मध्येच म्हणाली. तिनची पंचाईत झाली. त्याने घाईने सगळ्यांना गाडीत बसवलं.

पो क्लोंग गराई राजाचं देऊळ टेकडीवर. निवडुंगांमधून चढताना न्हुंगला धाप लागली.

"मी धरू का?" सेनने विचारलं.

"मला धर. डबी नको."

"वाकून या," दारात तिन म्हणाला. "ताठ माणसाचं डोकं देव आधी आपटतो, मग दर्शन देतो." हेही दाकचंच.

आत मिट्ट अंधार होता, उदाचा धूर होता आणि राजाचा चेहरा कोरलेलं लिंग होतं. न्हुंगने डबी शेजारी ठेवली, डोळे मिटले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. तिचे ओठ हलत होते. बराच वेळ ती तशीच राहिली.

सेनचे हात चुकले नाहीत. झाकण वाजलं नाही. बाहेर आली तेव्हा गाठीत दाक होता.

खाली नारळपाणी पिऊन झाल्यावर न्हुंग उठली आणि डबी घेऊन गाडीमागे गेली. ती लवकर परतेना. सेनचा जीव टांगणीला लागला. आली तेव्हा न्हुंगचे डोळे लाल होते.

"काय झालं, वन्सं?"

"धूळ."

"मोजलीत की काय?"

"मोजली. नऊ आहेत. का, तुला कमी वाटली?"

सेनने कमरेची गाठ पदराखाली सारली. परतीच्या वाटेवर गाडी सेनच्या गावाच्या वेशीशी थांबली. सेन उतरली तशी न्हुंगही मागोमाग उतरली आणि एक गाठ मारलेला रुमाल तिच्या हातात कोंबला.

"हे काय?"

"मला तोंड आहे, काळीज नाही असं वाटतं ना तुला? नऊतलं एक तुझं. मघाशी देवाला विचारून घेतलं."

"वन्सं... उद्या पुजारी मोजेल."

"मोजू दे. त्याला काय सांगायचं ते मी बघते. माझा भाऊ तुझ्या घरी सुखात होता, ते मला दिसत होतं. बोलता येत नाही मला." तिने डोळ्याला पदर लावला. "नीट ठेव. सगळ्यांत पांढरं होतं तेच निवडलं तुझ्यासाठी."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सेन उभी राहिली. मग तिने रुमालाची गाठ सोडली.

आतल्या तुकड्याची एक कड गुलाबी होती.