एक बाहुली, दहा लेकरं

“अर्धी बाहुली पुसा,” वर्तक सर म्हणाले. “नजर तिथंच अडकते.”

आबारावनं रॉकेलचा बोळा फिरवला. कमरेपर्यंतचं लेकरू फळ्यावरून निघून गेलं.

सर पुण्याचे. आकड्यांचं चित्र केलं तर माणसाची नजर आधी कुठं जाते, किती टिकते, हा त्यांचा अभ्यास. जुन्या जालन्यात भाड्याच्या खोलीत त्यांनी फळा उभा केला होता. फळ्याच्या मधोमध भोक, भोकामागं सर, सरांच्या हातात स्टॉपवॉच. समोर कधी मास्तर बसायचे, कधी कारकून. सर भोकातून त्यांची बुबुळं बघायचे आणि वहीत टिपायचे. माणूस अगदी सज्जन.

साल अठ्ठ्याऐंशी. चित्र होतं जिल्ह्यात हगवणीनं गेलेल्या लेकरांचं. एक बाहुली म्हणजे दहा लेकरं. अर्ध्या बाहुलीवर लोकांचे डोळे खिळायचे आणि बाकीचा फळा वाया जायचा. म्हणून सरांनी नियमच केला: दहा-दहा मोजून वर पाच किंवा जास्त उरली तर पूर्ण बाहुली, कमी उरली तर काही नाही. मंगळवारी जिल्ह्याचे मोठे साहेब फळा बघणार होते. ज्या गावापुढं बाहुली, त्या गावाला हातपंप.

आबाराव पाट्या रंगवणारा. त्याचं गाव मेंढवाडी, जाफराबादच्या पुढं. वाडीला एकच विहीर, तिचं पाणी गढूळ. त्याची बायको साखराबाई तेच भरायची, दीड वर्षाची पोर तेच प्यायची. पंपाची त्याच्याइतकी गरज कोणाला असणार?

“सर, आमची वाडी कोरीच दिसून राह्यली. चार लेकरं गेलीत तिथं.”

“चार बसत नाहीत, आबाराव. अजून एक असतं तर बसलं असतं.”

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. आबारावला तरी राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट तो विचार करायला लागला. शेजारच्या गावची सहा गेली होती. नशीबवान आहेत, असं त्याच्या मनात येऊन गेलं. चहा पिताना, ब्रश धुताना त्याला एकच घोर, एक कमी पडलं. वाडीतल्या तान्ह्या लेकरांची तो मनातल्या मनात हजेरी घ्यायचा. रखमाजीचं धाकटं जन्मापासून रोड. झुंबरबाईचा नातू सारखा आजारी. सगळी घरं फिरून व्हायची. स्वतःचं घर तेवढं राहायचं.

सोमवारी दुपारी त्याचा चुलतभाऊ सांडू दारात उभा राहिला. एसटीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

“आबा, वाडीत आणखी एक लेकरू गेलं. आज सकाळी.”

“हगवणच ना?”

“हा. पण आबा...”

“मंग बराबर पाच झाले.”

आबारावला आनंद झाला. लपवून काय उपयोग, आनंदच झाला. त्यानं लाल रंगाचा डबा उघडला. सरांनी वहीत पाच लिहून घेतले आणि मान हलवली. सांडू दोनदा बोलायला गेला. दोनदा आबारावनं हात वर करून त्याला थांबवलं, रंग ओघळला असता. मेंढवाडीपुढं बाहुली उभी राहिली. गोल गालांची, हात पसरलेली, सगळ्या फळ्यात देखणी.

“उद्या साहेबांची नजर हिच्यावर जाईल का ते आधी यांच्यावर बघू,” सर म्हणाले. त्यांनी सांडूला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः फळ्यामागं जाऊन भोकाला डोळा लावला. “बसा निवांत. समोर बघा.”

आबाराव फळ्याच्या कडेला ब्रश घेऊन उभा होता. स्टॉपवॉच टिकटिकत राहिलं.

“आबाराव,” मागून सरांचा आवाज आला, “यांची नजर चित्रावर येतच नाही हो. हे सारखे तुमच्याकडे बघताहेत.”

आबारावनं मान वळवली. सांडूचे डोळे भरून आले होते. मग कुठं त्याला विचारायचं सुचलं.

“कोणाचं गेलं रे?”

सांडू खुर्चीतून उठला. त्यानं आबारावच्या हातातला ब्रश काढून घेतला.

“चल आबा. कवाधरून समदे खड्ड्यापाशी थांबून राह्यलेत. पोरीला पहिली माती बापानंच द्यावी लागते.”